पिशवीतली सातवी वस्तू

तुमच्या आत्याच्या लग्नातल्या खवट लाडवांची गोष्ट तुमच्यापर्यंत पोचली आहे, हे मला मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर कळलं. देवगावच्या आजीचा, म्हणजे माझ्या धाकट्या जावेचा, विषय निघाला आणि तुम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसलात. तुमच्या परीक्षा होत्या म्हणून तुम्ही लग्नाला नव्हता, आणि हे घडलं तेव्हा तुमचे बाबा विमानात होते. त्यामुळे खरं काय झालं ते तुमच्या घरात कुणालाच माहीत नाही. मी ते लिहून ठेवते. ज्या छोट्या मुलीबद्दल लिहायचं आहे तिच्या आईला आधी फोन करून विचारलं. ती म्हणाली, लिहा.

लग्न डिसेंबरात होतं. नवऱ्यामुलाकडची पन्नासेक माणसं आदल्या दिवशी नागपूरहून बसने यायची होती. त्यांच्यासाठी छावणीजवळच्या एका हॉटेलात चोवीस खोल्या घेतल्या होत्या. पूर्वी वऱ्हाड उतरलं की जानोशावर चहा-फराळ पाठवला, की भागत असे. आता प्रत्येक खोलीत पाहुण्यांसाठी एक पिशवी ठेवायची पद्धत आली आहे. ते काम तुमच्या आत्याने माझ्यावर सोपवलं. याद्या कराव्यात तर आईनेच, असं घरात सगळ्यांचं मत आहे.

मी वहीत यादी केली. पाण्याची बाटली, चिवडा, पाचोडची मोसंबी, बडीशेप, हिमरू विणीचा रुमाल, शेंगदाण्याची चिक्की आणि कार्यक्रमाचा कागद. कागदावर हळद किती वाजता, कार्यालय कुठे, कुणाला काही लागलं तर कुणाला फोन करायचा, असं सगळं टाइप केलेलं. एकूण सात. शुभकार्यात वस्तू सम संख्येने देत नाहीत, हे मी इंग्रजी शाळेत शिकले तरी माझ्या आईने मला शिकवलं होतं.

लग्नाला बारा दिवस असताना विहीणबाईंचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्या आवाज उतरवून म्हणाल्या, "एक सांगायचं होतं. माझ्या लेकीच्या लेकीला शेंगदाणा चालत नाही."

"म्हणजे खोकला होतो का?"

"घसा सुजतो. मागच्या वर्षी एका वाढदिवसाला वडीचा छोटा तुकडा खाल्ला तर श्वास लागेना. दवाखान्यात न्यावं लागलं. सहा वर्षांची आहे हो." मग म्हणाल्या, "पण हे चार माणसांत बोलू नका. मुलीची जात. एकदा आजारी म्हणून नाव पडलं की सुटत नाही. तुमच्यापुरतंच ठेवा."

मी शब्द दिला. फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन एकेक डबा उघडून बघू लागले. चटणीत दाणे, खिचडीत दाणे, कोशिंबिरीत कूट, भाजीत कूट. तेलसुद्धा दाण्याचं. इतकी वर्षं या ओट्यापाशी उभी राहिले, पण त्या दुपारी मला तिथल्या प्रत्येक डब्याची भीती वाटली.

यादीतली चिक्की मी खोडली आणि तिथे औषधांची पुडी लिहिली, डोकेदुखीची गोळी आणि मीठ-साखरेचं पाकीट. चिवडा घरीच केला, सूर्यफुलाच्या तेलात, दाण्यांऐवजी भरपूर डाळवं घालून. लग्नाच्या आचाऱ्याला सांगितलं की मला दाण्यांनी पित्त होतं, तेव्हा कुठल्याच पदार्थात नकोत. त्याने माझ्याकडे जरा संशयाने पाहिलं. तरी मी त्याला तीन वेळा फोन केला. दुपारी जरा डोळा लागला की कुणीतरी खोकल्याचा आवाज येई आणि मी उठून बसे.

लग्नाच्या दोन दिवस आधी देवगावची आजी आली, हातात एक मोठा डबा घेऊन. आल्या आल्या तिने चिवड्याची मूठ तोंडात टाकली.

"ताई, ह्यात दाणे नाहीत."

"मला पित्त होतं हल्ली."

"चाळीस वर्षं माझ्या हातची दाण्याची चटणी खाता. आत्ता कुठलं पित्त काढलं?"

"वय झालं."

"तुमचं झालं असंल. पाहुण्यांचं काय? दाण्याबिगर चिवडा दिला तर नागपूरवाले म्हणतील, मुलीकडचे लई चिकट."

मी हसून विषय बदलला. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण शब्द दिलेला होता, आणि दिलेला शब्द पाळला की आपलं काम संपलं, असं मला वाटायचं.

पाहुणे यायच्या दिवशी दुपारी मला कार्यालयात खुर्च्या आणि पंगतीची व्यवस्था बघायला जावं लागलं. पिशव्या पुढच्या खोलीत रांगेने भरून ठेवल्या होत्या, प्रत्येकीवर खोलीचा नंबर. टेम्पो आला की त्यात चढवायच्या, एवढंच मी जावेला सांगून गेले. साडेचारला परत आले तर पिशव्या गेलेल्या होत्या. तिने माझ्यासमोर चहा ठेवला आणि बशीत एक लाडू.

"एकच ठेवला तुमच्यासाठी. बाकी डबा रिकामा."

"कुणी खाल्ले?"

"खातेत कुणी. पिशव्यांत घातले, तीन-तीनाची पुडी. तुमच्या पिशवीत सहाच वस्तू होत्या. लग्नाघरातनं कुणी सहा वस्तू देतं व्हय?"

"सात होत्या. कार्यक्रमाचा कागद सातवा."

"कागद काय वस्तू हाय?"

मी लाडू फोडला. वरून पांढरे तीळ, आणि आत भाजलेल्या दाण्याचा जाडसर कूट. चिक्की असती तर त्या मुलीने ओळखली असती. हा तिळाचा लाडू दिसत होता.

मी विहीणबाईंना फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. मुलीच्या आईचा नंबर माझ्या यादीत नव्हता. यादीत फक्त मोठ्यांचे नंबर घेतले होते. तुमच्या आत्याने नवऱ्यामुलाला लावला, तो मागच्या गाडीने येत होता आणि रेंज नव्हती. शेवटी हॉटेलच्या काउंटरवर फोन लागला.

"बस आत्ताच आली, मॅडम. सगळे आपापल्या खोल्यांत गेले."

"दोनशे सातमधली, विहीणबाईंच्या खोलीतली, पिशवी काढून घ्या."

"पाहुणे आत आहेत. पिशवी कशी काढणार?"

"मग निरोप द्या, त्यातला लाडू मुलीला देऊ नका म्हणावं. ताबडतोब."

"सांगतो," तो म्हणाला, पण त्याच्या मागे कुणी गरम पाणी मागत होतं, कुणी जादा गादी. माझा विश्वास बसला नाही. मी चपला घातल्या. जाऊ काही न विचारता मागे आली.

गारखेड्यातून निघालो तेव्हा क्रांती चौकाकडे गाड्यांची रांग लागलेली. रिक्षावाला आरशात बघून म्हणाला, "अम्मा, कायकू घबराते? पंद्रा मिनट में छोडता." मी जावेला सगळं सांगितलं, तिचा हात धरून, हळू आवाजात, जणू अजूनही कुणी ऐकेल.

ती म्हणाली, "मला का नाय सांगितलं?"

"शब्द दिला होता."

"मी काय दवंडी पिटली असती?" आणि मग रस्त्याकडे बघत, "तिळाचा म्हणून खाईल ती. दाणे दिसत बी नाहीत."

 मी मनात अंतर मोजत होते, इथून चौक, चौकातून पूल, पुलावरून नाका, आणि एक लाडू खायला सहा वर्षांच्या मुलीला किती वेळ लागतो.

दोनशे सातचं दार अर्धवट उघडं होतं. विहीणबाई कपाटात साड्या ठेवत होत्या. त्यांची लेक न्हाणीघरात होती, पाण्याचा आवाज येत होता. पलंगावर ती मुलगी मांडी घालून बसलेली. हिमरूचा रुमाल डोक्यावर घेतलेला, पिशवीतल्या वस्तू समोर ओळीने मांडलेल्या, आणि उजव्या तळहातावर लाडू. 

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. जावेकडे पाहून विचारलं, "आजी, हा कशाचा आहे?"

"तिळाचा. अन् दाण्याचा," जाऊ दारातूनच म्हणाली. "लई दाणे हायेत बाळा. खाऊ नको."

"मी खातच नव्हते. मी आईची वाट बघत होते. मी नेहमी विचारते." तिने लाडू पुडीत ठेवला आणि हात अंगापासून लांब धरला. "आता माझा हात धुवावा लागेल."

जावेने तिला बेसिनपाशी नेऊन साबणाने दोनदा हात धुतले, बोटांच्या बेचक्यांतून, नखांखालून. मी खुर्चीत बसले. काउंटरचा निरोप तोवर आला नव्हता.

विहीणबाई हळूच म्हणाल्या, "मी तुम्हाला सांगितलं होतं."

मी काही बोलायच्या आत जाऊ मागे वळली. "ताईंनी शब्द पाळला. लई पाळला. माझ्यापासनं बी पाळला, म्हणून झालं हे."

विहीणबाई पलंगाच्या कडेला बसल्या. "सगळ्या खोल्यांत गेलेत ना हे लाडू? ही आता प्रत्येक खोलीत खेळायला जाणार. कुणीतरी प्रेमाने भरवणार. आता सगळ्यांना सांगावंच लागेल." हे म्हणताना त्यांचा चेहरा इतका उतरला, की मला त्यांचा राग येता येता राहिला.

"कुणाला काय सांगू नका," जाऊ म्हणाली. "ताई, खोल्यांची यादी हाय ना पर्समध्ये? चला."

मग ती पुढे आणि मी मागे, अशा आम्ही तेवीस खोल्या फिरलो. प्रत्येक दारावर ती पदर सावरून म्हणे, "माफ करा, माझे लाडू खवट निघाले. तीळ जुने होते, ध्यानात आलं नाय. परत द्या." माणसं हसत. एका बाईने शेजारणीला डोळा मारलेला मी पाहिला. नवऱ्यामुलाचे एक काका म्हणाले, "मी एक खाल्ला की. चांगला होता."

"प्रवासानं तोंडाची चव जाती," असं म्हणून तिने उरलेले दोन त्यांच्या हातातून काढून घेतले.

सगळ्या नातलगांत जिच्या लाडवांना नाव आहे ती बाई तेवीस दारांवर उभी राहून हे बोलली. मी यादीत प्रत्येक खोलीपुढे खूण करत गेले, कारण मला तेवढंच करता येत होतं.

दुसऱ्या दिवशी पंगतीत तिची थट्टा सुरू झाली, ती तुमच्यापर्यंत पोचली. कुणी विचारलं तर ती अजून म्हणते, "व्हय, त्या साली तीळच खराब लागले." पण मी परतताना रिक्षात त्यातला एक लाडू खाल्ला होता. निम्मा साडीवर सांडला. तीळ नवे होते, गूळ चांगला होता, आणि दाणे अगदी हवे तेवढेच भाजलेले होते.