दिवस मावळायच्या आत

दुपारी कॉटवर आडवी होते तेव्हा सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी माझ्या मुठीत असते. कॅरियरवर दळणाचा डबा बांधायची हीच पट्टी. मघाशी सोडून आणली, कारण संध्याकाळी भंगारवाला येऊन सायकल नेणार आहे. माझ्या मुलाने, सुदर्शनने, मला न विचारता त्याला बोलावलंय. गेल्या महिन्यात वळणावर मी पडले, गुडघा खरचटला, तेवढं निमित्त त्याला पुरलं. खरं दुखणं वेगळंच आहे. मगदुमांची म्हातारी अजून सायकलवरून दळण आणते, पोरगा काय करतो, असं लोक त्याला टोचतात. माझं मन राखायला त्याने हॉलमध्ये व्यायामाची सायकल आणून ठेवली आहे. तिला चाकं नाहीत. मी तिच्यावर बसलेले नाही आणि बसणारही नाही.

पंखा घरघरतोय. डोळे जड होतात. घरघर वाढत जाते आणि पिठाच्या गिरणीचा वास येऊ लागतो.

"रत्ने, दळण आलं न्हाई व्हय अजून?"

हॉलमध्ये सासूबाई आहेत. त्यांना जाऊन कित्येक वर्षं झाली हे मला ठाऊक आहे, तरी मी पदर सावरून उठते. लुगड्याचा काष्टा घट्ट खोचून त्या व्यायामाच्या सायकलवर बसल्या आहेत आणि जोरजोरात पाय मारतायत.

"किती येळ पाय मारायली हाय. ही जाती कुठं?"

"कुठंच नाही, आत्याबाई. बसल्या जागी पाय हलवायचे."

"मग पीठ कसं येतंय?"

"मी पडल्यापासून पिशवीत बांधून येतं. फोन केला की दारात आणून देतात."

"जोंधळा कुणी निवडला? कुणी दळला?"

"ते नाही माहीत."

"मग मी न्हाई जेवायची," त्या म्हणतात आणि पाय थांबवतात.

मी खिडकीकडे बघते, ऊन पिवळं पडलंय. आमच्या जैनांच्या घरात दिवस मावळायच्या आत जेवण. मावळला की आत्याबाई पाण्याचा थेंबसुद्धा घ्यायच्या नाहीत. मी नवी सून, नोकरीवरून येऊन डोक्यावर डबा घेऊन गिरणीत जायचे. एकदा थंडीत परतेपर्यंत दिवा लागला आणि त्या उपाशी झोपल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी सासऱ्यांना पाठवून काळी, दणकट लेडीज सायकल आणवली. मी शिकताना गल्ली दारात उभी राहून हसत होती. आत्याबाई उंबऱ्यावर आल्या आणि म्हणाल्या, "हसून झालं की आपापलं डबं आणून ठेवा. माझी सून तुमचं बी दळण आणंल."

"बघतीस काय? काढ की सायकल."

मी स्टँड काढते आणि हॉलच्या फरशीला रस्ता लागतो. कॅरियरवर आत्याबाई, मांडीवर जोंधळ्याचा डबा. आयुष्यात त्या कधी सायकलवर बसल्या नव्हत्या, पण आत्ता रोजच्या सवयीने बसल्यासारख्या बसल्या आहेत. देवघराच्या दारातून गिरणीत शिरते. डब्यात पीठ पडतं, गरम, आणि ती ऊब माझ्या पाठीला लागते. गिरणीतून निघते ती थेट भाजीबाजारात. हँडलच्या पिशवीत मेथीची जुडी येते, लिंबं येतात, सासऱ्यांचं औषध येतं. कुणाला सांगावं लागत नाही, कुणाची वाट बघावी लागत नाही. मी मनात आणते आणि चाकं तिकडे वळतात. मला फार आनंद होतो. हाच आनंद मी रोज पिशवीत घालून घरी आणत होते, आणि तो भंगारात घालायला निघालेत.

मग कृष्णेवरचा पूल. चढ लागतो. सूर्य पाण्याला टेकायला आलाय आणि कठड्याजवळ सगळी गल्ली हसत उभी आहे. त्यात सुदर्शन.

"आई, उतर. पडशील."

हँडल लटपटतं. मागून आत्याबाईंचे हात येतात, माझ्या मुठीतली पट्टी ओढून घेतात, माझ्या कमरेभोवती फिरवतात आणि गाठ मारतात. त्यांची ती गाठ, दोन पीळ देऊन टोक काष्ट्यासारखं आत खोचलेलं. मला ती कधीच जमली नाही. मी बांधलेला डबा त्या सोडून पुन्हा बांधायच्या.

"घे. आता पडलीस तर दोघी पडू. मार पाय."

मी पाय मारते. जोवर मारते तोवर सूर्य खाली जात नाही.

"सुदर्शनला काय सांगू, आत्याबाई?"

"त्येला काय सांगायचं? जेवाय ये म्हणावं. दिवस मावळायच्या आत."

"भंगाऽऽर!"

मी जागी होते. खिडकीत ऊन पिवळं आहे. मूठ रिकामी आहे. उठून बसते तर कमरेला काहीतरी आवळतं. ट्यूबची पट्टी. दोन पीळ आणि टोक आत खोचलेलं.

मी त्या गाठीवर हात ठेवते. मला त्यांची फार आठवण येते. मग उठते, डब्यात जोंधळा भरते आणि सुतळीने कॅरियरवर बांधते. पट्टी सोडत नाही.

फाटकात सुदर्शन आणि भंगारवाला उभे आहेत.

"आई, आता कुठं निघालीस?"

"गिरणीत. त्यांना हॉलमधली दाखव, कुठंच जात नाही ती. आणि लवकर जेवायला बस, दिवस मावळायच्या आत."

तो वाद घालायला तोंड उघडतो, पण त्याची नजर माझ्या कमरेवर अडते. आजीची गाठ त्यालाही ओळखू येते; माझ्या कॅरियरवर, तिने बांधलेल्या डब्याला टेकून तो शाळेत जायचा.

"ही कुणी बांधली?" तो हळूच विचारतो.

"पडू नये म्हणून बांधलीय," मी सांगते आणि पायडल मारते.