लाइट गेली

नारपोलीत आमच्या घराच्या दोन्ही बाजूंना कापड विणायच्या लूमचे कारखाने होते. त्यांच्या खडखडाटाने भिंतीवरचा आरसासुद्धा थरथरायचा. घरात बोलायचं म्हणजे ओरडायचं, हीच आम्हाला रीत वाटायची.

एका दुपारी दिघाशी गावची मावशी आली होती. बोलता बोलता सगळे लूम थांबले. "लाइट गेली," आई म्हणाली. मावशीने दारातून रणरणत्या उन्हाकडे पाहिलं. "कुठं गेली? उजेड तर हाय."

आम्ही हसलो. पण मला शाळेतल्या बाई आठवल्या. लाइट म्हणजे प्रकाश, असं त्यांनी शिकवलं होतं, आणि हलका असाही अर्थ सांगितला होता. तो मला उगाच घुसडलेला वाटायचा. उजेडाला कसलं आलंय वजन? आमच्या गल्लीत तर दोन्ही अर्थ खोटे होते. आमच्याकडे लाइट म्हणजे खडखडाट.

आता तो गेला होता आणि छातीवरचं जातं कुणीतरी उचलून घेतल्यासारखं वाटत होतं. आरसा स्थिर होता. वातीच्या स्टोव्हवर चहाला उकळी फुटली, ती मी ऐकली. चहालाही आवाज असतो, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. आई मावशीला काहीतरी सांगत होती. तिचा आवाज इतका हलका होता, की ही बाई कोण, म्हणून मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

मग आरसा पुन्हा थरथरू लागला.

"आली लाइट," आई ओरडली.