वरची वाट

सोलू गेल्याचा फोन आला तेव्हा मी ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करत होतो. शैला दारात येऊन म्हणाली, "रिबेकावहिनींचा फोन होता. सोलूभाऊजी गेले... पहाटे, झोपेतच." मी काय केलं? उरलेला अर्धा ड्राइव्हवे साफ केला. माणूस अशा वेळी काय वाटेल ते करतो. मग बेसमेंटमध्ये जाऊन एकटाच रडलो. त्याला आता सहा आठवडे झाले.

सोलू म्हणजे सॉलोमन. एकोणसत्तर सालापासून इथे टोरांटोला, नॉर्थ यॉर्कच्या एका ऑफिसात आम्ही दोघे ड्राफ्ट्समन, टेबलाला टेबल लागून. तो कोकणातला बेने इस्राएल ज्यू. आजोबांचा अलिबागजवळ तेलाचा घाणा होता, तो शनिवारी बंद असायचा, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. सोलूने इथे तेवढं राखलं होतं: शनिवारी गाडीत बसायचं नाही, हातात काही वागवायचं नाही. रविवारी मात्र आम्हा सात-आठ मराठी मंडळींना तो रॅव्हिनमधून, त्या ओढ्याकाठच्या झाडीच्या घळींतून, मैलोन् मैल हिंडवायचा. कुणी कुरकुरलं की म्हणायचा, "चला रे, आपापली पोटं बघा जरा."

अठ्ठ्याहत्तरच्या जूनमध्ये त्याने आम्हाला इंग्लंडला नेलं. टेकडीवर वसलेलं जुनं गाव, छाती फुटेल अशा चढाची दगडी गल्ली, पडक्या मठाच्या भिंती. शनिवार-रविवार नुसतं चालायचं. दोन वर्षं तो त्याचीच तयारी करत होता, लंच अवरमध्येसुद्धा नकाशा पसरून बसायचा. शुक्रवारी दिवस मावळायच्या आधी त्याने तो माझ्या हातात दिला. "मुकुंदा, उद्या हा तुझ्याकडे. ओढ्यापाशी फाटा लागेल, तिथे वरची वाट धर. वर म्हणजे कागदावर वर, उत्तरेला. डोंगर चढायचा नाहीये." मी हो हो म्हणालो. खरं सांगायचं तर माझं सगळं लक्ष समोरच्या गरम माशात होतं.

दुसऱ्या दिवशी सोलू जोशीकाकूंच्या सोबतीने बराच मागे राहिला. ओढ्यापाशी मला एक वाट डोंगरावर चढताना दिसली. हीच वरची, म्हणत मी ऐटीत निघालो आणि सगळे माझ्यामागे. सोलू फाट्यापाशी पोचला तोवर आम्ही हाकेपलीकडे गेलो होतो, म्हणून तेही दोघे मागून आले. तासाभरात धुकं उतरलं... पलीकडच्या खेड्यातून इतरांना परत आणणारी शेवटची बस चुकली, भर पावसात सहा मैल तुडवावे लागले आणि जोशीकाकूंचा घोटा मुरगळला. मुक्कामावर पोचल्यावर काकूंचे यजमान, जोशी, सगळ्यांदेखत सोलूवर उखडले. "शनिवारचं सोवळं तुमचं आणि हाल आमचे. कसले लीडर हो तुम्ही?"

सोलू ओल्या सॉक्सवर उभा होता. म्हणाला, "चूक माझीच. मी नुसतं वर वर म्हणालो असणार. दिशा सांगायला हवी होती."

दिशा त्याने सांगितली होती. मला शब्दन् शब्द आठवत होता. मी खाली मान घालून बुटाची लेस सोडत बसलो.

त्यानंतर सोलू कधी पुढे चालला नाही. रविवारी यायचा, पण "व्हा कुणीतरी पुढे, मी आहे मागे" म्हणायचा. बरोबर नकाशा आणणंही त्याने सोडलं. मी पुढे आणि तो मागे, अशी आमची सात वर्षं गेली. बर्फात त्याच्या बुटांचा आवाज मागून यायचा आणि दर वेळी वाटायचं, आज सांगून टाकू. लाज वाटायची हो, दुसरं काय. आणि जितका उशीर होत गेला तितकी ती वाढत गेली.

गेल्या आठवड्यात रिबेकावहिनींनी तो नकाशा मला दिला. "तुमच्याकडेच असू दे, भाऊजी. पोरं म्हणतात, मॉम, जस्ट थ्रो इट आउट." घड्यांवर तो फाटत आलाय. ओढ्याच्या फाट्यापाशी सोलूच्या त्या सरळ, ड्राफ्ट्समनच्या अक्षरात पेन्सिलने लिहिलंय: 'इथे उत्तर म्हणायला हवं होतं.'

म्हणजे सात वर्षं त्याला तेच खरं वाटत होतं.

मंडळाच्या अंकात जोशी हे वाचतील. वाचावंच त्यांनी, म्हणून तर लिहिलं. नकाशा माझ्या टेबलावर उघडाच आहे. सोलूच्या ओळीखाली काल मी पेन्सिलने लिहिलं: 'म्हणाला होतास.'