बोटीची बाटली

१८ मे. मिरच्या भाजायचं काम काढलं आहे आणि वरच्या मजल्यापर्यंतच्या शिंका ऐकू येत आहेत. तव्यावरून उठणारा हा तिखट, किंचित गोडसर धूर मला जन्मापासून ओळखीचा. पण दर वर्षी तो नव्याने घसा धरतो. खरं तर मिरची उन्हानेच वाळायला हवी, दोन बोटांत धरली की कडकन मोडायला हवी. यंदा बोरिवलीवर भर मे महिन्यात मळभ आहे! गच्चीत पसरलेल्या मिरच्या संध्याकाळी होत्या तशाच वातड खाली येतात. शेवटी मी उन्हाचा नाद सोडला आणि तवा काढला.

आमच्या ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळ ख्रिस्ती घरांत वर्षाचा मसाला याच महिन्यात होतो. ढीगभर जिन्नस भाजायचे, कुटायचे आणि बिअरच्या तपकिरी बाटल्यांत काठीने ठासून भरायचे. काच गडद, म्हणजे उजेड लागत नाही; आणि काठीने ठासलं की आत हवा राहत नाही. माझ्या लहानपणी हा सगळा थाट खाडीपलीकडे, गोराईच्या आमच्या अंगणात मांडलेला असे. आता त्या अंगणात उधाणाचं पाणी शिरतं, आणि ओसरलं तरी माती खारट, ओलसरच राहते. म्हणून यंदा फिलू, माझ्या धाकट्या भावाची बायको, मिरच्यांचं पोतं घेऊन खाडी ओलांडून माझ्याकडे आली.

एकटीच आली. माझा भाऊ अंतोन नाताळच्या आधीपासून समुद्रापलीकडच्या देशात, तुरुंगात आहे.

अंतोन बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख. पूर्वी गोराईहून निघालं की दिवसाभरात जाळं भरायचं. मग समुद्र तापत गेला. पापलेट उत्तरेला सरकलं, आणि त्याच्या मागे आमच्या बोटीही सरकल्या, आज थोड्या, उद्या थोड्या, पार सौराष्ट्राच्या पुढे. मी त्याला म्हणायची, सांभाळून रे, तिकडे हद्द आहे. तो हसायचा. ‘‘मासा काय पासपोर्ट काढून जातो काय, बाय?’’ ‘‘मासा नाही काढत, तू काढ,’’ मी म्हणायची, आणि आम्ही दोघं जेवायला बसायचो.

त्या पहाटे त्याचं जाळं ओढीच्या पाण्याला लागलं आणि वाहत पलीकडे गेलं. पाण्यावर रेघ नसते; ती फक्त यंत्राच्या पडद्यावर दिसते. बरोबरच्या बोटीने आपलं जाळं कापलं आणि ती परत फिरली, तिच्यावरच्या माणसांनीच हे येऊन सांगितलं. अंतोनने कापलं नाही. तो जाळ्यामागे गेला. मी संतापून फिलूला विचारलं होतं, एका जाळ्यासाठी? ती माझ्याकडे अशी पाहत राहिली, जणू मी परक्या भाषेत बोलले. ‘‘जालं टाकून घरी येनारा हाय का तो?’’ तिने उलट विचारलं. बरोबरच होतं. आमच्यात जाळं कापणं म्हणजे घराचं पोट कापणं, हे अंधेरीच्या ऑफिसात इतकी वर्षं काढून मी विसरले होते.

त्याच ऑफिसात परवा जेवताना एका सहकाऱ्याने मोबाइलवर बातमी वाचून दाखवली, की हवामान बदल हा आता राष्ट्रीय सुरक्षेचा प्रश्न झाला आहे. ‘‘म्हणजे काय मॅडम, ढगांवर रणगाडे सोडणार?’’ त्याने मला विचारलं आणि सगळे हसले. मला हसू आलं नाही, रागही आला नाही. मी डब्यातली भाजी संपवली. सीमा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बर्फ येतो, काटेरी तार येते, बंदूक घेतलेला जवान येतो. पाण्याचा एखादा अंश वाढलेला ताप कुणाच्या डोळ्यांसमोर येईल? आणि तरी माझ्या घरात शत्रू आला तो असाच, गणवेश न घालता, हळूहळू कोमट होत. त्याच्यावर पहारा कुठे बसवायचा! पलीकडचे कोळीही याच माशामागे इकडे येऊन पकडले जातात म्हणे. त्यांच्या बायकाही आत्ता काहीतरी वाळवत असतील, आणि त्यांच्याही आकाशात मळभ असेल.

मसाला कांडपावर कुटून आणला आणि आम्ही भरायला बसलो.

‘‘बाय, बोटीची?’’ फिलूने विचारलं.

एक बाटली दर वर्षी बोटीची असते. मे महिन्यात भरायची, पावसाळ्याची बंदी उठून बोट पाण्यात उतरली की तांडेलाच्या हातात द्यायची. मग बोटीवरचं कालवण त्याच मसाल्याचं.

‘‘बोट कुठे आहे, फिलू?’’ मी म्हटलं. बोटही तिकडेच अडकली आहे.

‘‘ते म्हाईत हाय मना. मी बाटलीचं इचारलं.’’

‘‘बोट नाही तर बाटली कशाला? मसाला नुसता पडून राहील.’’

तिने तिच्या बाटल्या पिशवीत भरल्या, पदर खोचला आणि अंधार पडायच्या आत खाडीकडे निघाली. मी हिशेबी बाई. मला माझं बोलणं चुकलं असं वाटलं नाही. मग ओटा पुसायला गेले, तर भिंतीशी एक रिकामी बाटली उभी. घरून घासून, कागद खरवडून, स्वच्छ करून आणलेली. विसरली म्हणावं, तर फिलू काही विसरत नाही.

१९ मे. सकाळी चहाआधी मी ती बाटली आतून कोरड्या फडक्याने पुसली. ऊन नव्हतंच, म्हणून थोडा वेळ गॅसच्या उबेला धरली. मग माझ्या वाटणीतला मसाला घेतला आणि भरायला लागले. थोडा घालायचा, काठीने ठासायचा, पुन्हा थोडा. खालच्या मजल्यावर कुणीतरी शिंकलं. आम्ही मसाला वर्षाचाच भरतो. ही बाटली मी जरा जास्त जोर लावून भरली. नीट ठासली तर दोन वर्षंही टिकते.