फळ्यासमोर आम्ही दोघी

लेक दहावीला आणि मी बी दहावीला, एकाच वर्गात. हे सांगताना अजून तोंडावर पदर घ्यावा वाटतो. मी अंगणवाडीत मदतनीस होते. सेविका व्हायचं तर दहावी पायजे, म्हणून बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला. बाकीचं घरीच वाचून वाचून जमलं, गणित काही डोक्यात बसेना. टेंभुर्णीजवळ आमचं गाव, तिथल्या शाळेतले गणिताचे सर म्हणाले, माझ्या तासाला येऊन बसत जा. मी गेले न्हाई. एवढी बाई पोरांत कशी बसणार?

लेकीचं वेगळंच चालू होतं. सरांची रीत अशी, की हजेरीच्या नंबरानं एकेकाला फळ्याकडं बोलवायचं आन् सगळ्यांसमोर गणित सोडवून घ्यायचं. हिचा नंबर जवळ आला की हिच्या पोटात कळ उठायची. मंग दप्तर घेऊन घरी. मी तिला चुलीपुढं बसवून मीठ-मिरच्या ओवाळायची. मिरच्या जाळात टाकून ठसका उठला न्हाई तर नजर लागलेली, असं आमच्यात मानतात. मला तर खोकता खोकता बी ठसका न्हाईच आला असं वाटायचं. शेवटी आमचे हे म्हणाले, पेपरात असंच झालं तर बसवायचं कशाला? चांगलं स्थळ आलंय, देऊन टाकू.

ते कानावर गेलं आणि सर घरीच आले. नजर-बिजर काही न्हाई, पोरगी भेती, म्हणाले. मला म्हणाले, "तुम्ही वर्गात या आणि चुका. मोठं माणूस चुकलेलं या पोरांनी कधी बघितलंच नाही."

मी गेले. शेवटच्या बाकावर पोरींच्या शेजारी अंग चोरून बसले. पलीकडच्या रांगेतलं पोरगं लगेच म्हणालं, "काकू, डबा आणला का?" वर्ग हसला. लेकीनं तोंड खिडकीकडं केलं. मधल्या सुट्टीत जवळ येऊन हळूच म्हणाली, "तू माझी आई हायेस असं इथं दाखवू नको." सगळ्या गावाला माहीत होतं ते.

मंग एक दिवस सरांनी मलाच बोलावलं. फळ्यावर अवयव पाडायचं गणित. रात्री पाठ केलेलं सगळं कुठं गेलं कुणास ठाऊक. हातातला खडू मोडला आणि बेंबीपाशी अशी कळ आली की मी फळ्याला हात टेकला. तोंडातनं निघालं, "सर, पोटात दुखतंय. घरी जाऊ का?"

वर्ग जो हसला म्हणता. सर हसले न्हाईत. जायचं तर जा, म्हणाले, न्हाईतर इथंच दम घ्या, येतं तेवढंच लिहा. मला काहीच येत नव्हतं. वरचंच गणित खाली पुन्हा उतरवलं आणि जागेवर आले.

संध्याकाळी भाकरी थापताना लेकीनं विचारलं, "खरंच दुखत होतं, का सरांनी बोलायला शिकवलं होतं?"

"खरंच दुखत होतं."

ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. माझी मात्र मान वर होईना. पोरगी इतके दिवस दुखतंय, दुखतंय म्हणत होती, आणि मी मिरच्यांना विचारत बसले. तिला कधी विचारलंच न्हाई, की कधी दुखतं, कशानं दुखतं.

मंग तिचा नंबर आला. उठली. अर्धं लिहिलं आणि हात थांबला. खांदे वर-खाली व्हायला लागले, दम घेत होती. जरा वेळानं म्हणाली, सर, पुढचं येत न्हाई. आणि दप्तर न उचलता बाकावर बसली. मी तेव्हा तिच्याकडं बघायचं सोडून कोण हसतंय ते बघत होते. त्याची बी लाज वाटतीच.

घरी आल्यावर यांना म्हणलं, तिला परीक्षेला बसू द्या.

"आता पोटात दुखत न्हाई का?"

"दुखतं," म्हणलं. "दुखतं तरी बसंल ती."