यमुनाबाईंची जपानी संथा

सज्जनहो, आजचा अनुभव सांगताना संकोच वाटतो.

शेजारच्या यमुनाबाई लेकीकडे जपानला निघाल्या आहेत. सकाळी येऊन म्हणाल्या, "गुरुजी, पोरीनं तिथले शब्द धाडले, पण मले पाठच होऊन नाही राहिले."

मी वेदपाठाच्या रीतीने संथा दिली. मी एकदा म्हणे, त्या दोनदा म्हणत. 'मिझु' म्हणजे पाणी. 'एकी वा दोको देसु का' म्हणजे स्टेशन कुठे आहे. कामठीपलीकडे कधी न गेलेल्या बाई खणखणीत बोलू लागल्या, आणि माझ्या पोटात दुखू लागले.

"गुरुजी, तुम्हाले तर समदं येते. तुम्ही काहून नाही जात?"

"समुद्र ओलांडणे शास्त्राला मान्य नाही," मी म्हणालो. खरे तर मला बोलावणारेच कुणी नाही.

सायंकाळी संध्येला बसलो. आचमनासाठी तळहातावर पाणी घेतले, तर ओठांवर मंत्राआधी 'मिझु' आले.

सज्जनहो, शिष्येचा मत्सर करणाऱ्या गुरूला प्रायश्चित्त कोणते?