चंदेरी जाकीट, राहिलेलं काजळ

आज सकाळी औषधाच्या डबीतला मंगळवारचा कप्पा रिकामा करत होते, तेवढ्यात फोन किणकिणला आणि तुझा फोटो आला. अंगात चंदेरी जाकीट, कपाळावरचे केस उभे राहून छताकडे निघालेले, आणि डोळ्यांत काजळ. शेजारी तुझी बहीण, कानांत बशीएवढ्या रिंगा घालून. खाली तुझ्या आईने घाईघाईने लिहिलं होतं, 'आई, रागावू नकोस. कॉलेजात ऐंशीच्या दशकाची पार्टी होती. सध्या इकडे पुन्हा तेच आलंय.' मी चष्मा पुसून फोटो परत पाहिला. रागावण्यासारखं त्यात काही नव्हतं. माझं लक्ष तुझ्या काजळाकडे होतं. डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात ते जरा पसरलं होतं. लावणाऱ्याचा हात थरथरला की तसं होतं. अगदी तसंच पसरलेलं काजळ मी एकदा माझ्या हाताने एका चाळिशी ओलांडलेल्या गृहस्थाला लावलं आहे. तो गृहस्थ तुम्हा दोघांना चांगला माहीत आहे. व्हिडिओ कॉलवर कानटोपी घालून जे 'जेवलात का?' एवढंच विचारतात ना, ते तुमचे धाकटे आजोबा. माझे दीर. तुम्हाला मराठी समजते पण वाचता येत नाही, म्हणून पुढचं आईकडून वाचून घ्या.

भाऊजी इंदूरला इंजिनियरिंग शिकत होते तेव्हाची गोष्ट. शनिवारी ते देवासला घरी यायचे ते खांद्यावर रुळणारे केस घेऊन. त्यांच्या कॉलेजातल्या कुणाचा तरी भाऊ परदेशातून कॅसेटी पाठवी. एकीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी अशा भरत भरत त्या आमच्या घरापर्यंत पोचत, तोवर गाण्याच्या मागे पावसासारखी खरखर आलेली असे. पण त्या खरखरीतूनही ते संगीत उसळून बाहेर येई. दणदणीत ढोल, किंचाळणारी गिटार, आणि तिच्याही वर चढणारा पुरुषाचा उंच, पातळ, धीट आवाज. कॅसेटीसोबत कधी मासिकातली कापलेली चित्रं येत. त्यांतले तरुण झगमगीत तुमानी घालून, ओठ रंगवून, डोळे काळेभोर करून उभे असत. भाऊजींना शब्द नीट कळत नसत. मी इंग्रजीत एम.ए. केलेलं, शाळेत इंग्रजी शिकवत होते. म्हणून ते मला टेपरेकॉर्डरपाशी बसवत आणि मी एकेक ओळ दहादा ऐकून वहीत सुवाच्य अक्षरात उतरवून देत असे. उंच केस उभे राहावेत म्हणून ते साखरेचं पाणी लावत. एकदा त्यांच्या उशीला मुंग्या लागल्या आणि सासूबाईंनी सबंध गादी उन्हात टाकली, तरी कुणी कारण विचारलं नाही. कारण आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

खरं सांगायचं तर मला ते सगळं आवडायचं. माझं माहेर धारचं. माझ्या आजोबांचा दरबारातला एक फोटो आमच्या बैठकीत असे. किनखाबी अंगरखा, गळ्यात मोत्यांचा कंठा, कानात भिकबाळी, आणि डोळ्यांत चांगलं ठसठशीत काजळ. त्या फोटोखाली वाढलेल्या मुलीला नटलेल्या पुरुषाचं काय नवल वाटणार? नवल वाटायचं ते हे, की दोन पिढ्यांत आमच्या पुरुषांनी झगमगाट टाकून दिला आणि खाकी, पांढरं आणि करडं एवढ्या तीनच रंगांत स्वतःला घडी घालून ठेवलं. भाऊजींनी पडद्याच्या चंदेरी कापडाचं जाकीट शिवून घेतलं आणि आरशासमोर उभे राहिले, तेव्हा मला आजोबांची आठवण झाली. मी तसं म्हटलंही. ते इतके खूश झाले, की पुढे आठवडाभर मला 'सरकार' म्हणत होते.

मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, हे सहन होणं शक्य नव्हतं. ते महाराष्ट्रातून देवासला कारखान्याच्या नोकरीसाठी आलेले, भोंग्याच्या ठोक्यावर जगलेले सरळ गृहस्थ होते. त्यांनी एकदा सांगितलं, 'केस कापून ये.' भाऊजी कापून आले नाहीत. मग मामंजींनी त्यांच्याशी बोलणं सोडलं. एका ताटलीतून शेंगदाणे खात दोघं बातम्या ऐकत, पण शब्द नाही. सात महिने असे गेले आणि एका पहाटे मामंजी छातीत कळ येऊन गेले. शिप्रेच्या काठी क्षौर झालं. न्हाव्याने भाऊजींचे केस उतरवले, ते कागदावर पडलेले थोरल्या भावाने, म्हणजे तुमच्या आजोबांनी, पाण्यात सोडले. ते केस भाऊजींनी पुन्हा वाढवले नाहीत. गाणंही त्या दिवसापासून बंद झालं. ते गुणगुणतसुद्धा नसत.

इथे माझी चूक झाली, ती सांगते. मला प्रत्येक वस्तू जागेवर लागते हे तुम्हाला ठाऊक आहे. तेराव्यानंतर घर आवरताना मला वाटलं, हे जाकीट, या कॅसेटी, ही वही रोज डोळ्यांसमोर राहिली तर त्यांना त्रास होईल. मी सगळं एका पत्र्याच्या ट्रंकेत भरलं, चार कोपऱ्यांत लवंगा आणि कापूर ठेवला, वर चिठ्ठी चिकटवली, 'भाऊजी – जुने – विचारून टाकणे', आणि धारला जाताना ट्रंक सोबत नेऊन माहेरच्या माळ्यावर ठेवली. टाकायचं विचारून होतं. पण मी कधी विचारलंच नाही. आज विचारू, त्यांचं मन जरा स्थिर होऊ दे, लग्न होऊ दे, असं करता करता वर्षं गेली. आणि त्यांनीही 'माझं सामान कुठे आहे?' असं कधी विचारलं नाही. एकमेकांना दुखवायचं नाही या काळजीने आम्ही दोन शहाण्या माणसांनी एका घरात राहून केवढं मौन जपलं.

त्यांच्या लग्नात मला ते प्रथम टोचलं. इथे माळव्यात नवरदेव घोड्यावर बसण्याआधी भाभी त्याच्या डोळ्यांत काजळ घालते. आपल्याकडे ही पद्धत नव्हती, पण इथे राहून आपल्या लोकांनी ती हौसेने उचलली. मी चांदीची काजळडबी घेऊन पुढे झाले, तर भाऊजींनी तोंड फिरवलं. हळूच म्हणाले, 'वहिनी, राहू दे. ते सोंग आता नको.' बायका म्हणाल्या, नवरदेव लाजला. माझा हात मात्र डबीवर तसाच राहिला.

त्यानंतर नव्वदची सगळी वर्षं मी त्यांना करड्या सफारीत कारखान्यात जाताना आणि येताना पाहिलं. मग त्यांच्या युनिटमध्ये माणसं कमी झाली, त्यांनी लवकर निवृत्ती घेतली आणि ते दिवसभर खिडकीत बसून टेकडीकडे बघत राहू लागले. सोनकच्छकडे जाणाऱ्या बसगाड्या मोजतो, म्हणायचे ते. चाळिशीतला माणूस असा बसलेला बघवत नसे. त्यांची मुलगी, माझी पुतणी, तेव्हा चौदा वर्षांची होती. दोन हजार पाच साल. टीव्हीवरच्या संगीताच्या वाहिनीवर तेच सगळं परत आलं होतं, उभे केस, चमकती तुमानी, काळे डोळे. नवी पोरं जुन्यांसारखी नटून जुनी गाणी नव्याने वाजवत होती. पुतणीने गिटार शिकायला घेतली होती आणि गणपतीत मंडळाच्या कार्यक्रमात असलं एक गाणं बसवायचं तिच्या मनात होतं. गायला कुणी मिळेना. एक दिवस ती माझ्याकडे येऊन म्हणाली, 'मोठीआई, इतना हाय पिच कौन गायेगा? आपल्या देवासमध्ये कुणाला येतच नाही.'

माझ्या तोंडून निघून गेलं, 'तुझ्या बाबांना येतं.'

ती हसायलाच लागली. मग माझा चेहरा पाहून थांबली. दुसऱ्या रविवारी आम्ही दोघी इंदूरवरून बस बदलून धारला गेलो आणि ट्रंक घेऊन आलो. येताना ती ट्रंकेवर हात ठेवून बसली होती, आत कोणी झोपलं असावं तशी.

भाऊजींच्या समोर ट्रंक ठेवली. त्यांनी चिठ्ठी वाचली. माझंच अक्षर.

'वहिनी, हे तुम्ही ठेवलंत? मला वाटलं, तेव्हाच टाकलंत.'

'मला वाटलं, तुम्हाला नको असेल.'

'मला वाटलं, घराला नको आहे.'

पुतणी आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत होती. 'म्हणजे तुम्ही अठरा वर्षं हे बोलला नाहीत? कमाल है भिया!' इकडच्या बोलीत भैयाचा भिया होतो आणि तो सगळ्यांनाच लागतो.

जाकीट काळं पडलं होतं, घडीवर चिरलं होतं. भाऊजींनी ते मांडीवर घेतलं आणि एवढंच म्हणाले, 'आवाज गेला आता माझा.' जाऊबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, 'आवाजाचं नंतर, आधी डोक्यावर केस किती उरलेत ते मोजा.' आम्ही हसलो, ते हसले नाहीत. चार दिवस तसेच गेले. पाचव्या दिवशी पुतणी माझ्या वहीतून गाणं म्हणायला लागली आणि चाल चुकवायला लागली. मुद्दाम की खरंच, ते मला अजून माहीत नाही. तिसऱ्या ओळीला आतल्या खोलीतून बरोबर चाल आली. दबलेली, गंजलेली, पण बरोबर. जाऊबाईंनी गॅस बंद केला. पुढची ओळ आली, मग तिच्या पुढची, आणि वरच्या सुरावर आवाज फाटला. थोडं थांबून तीच ओळ परत आली.

नवं जाकीट शिवायला आम्ही लग्नाच्या बँडवाल्यांचे पोशाख शिवणाऱ्या शिंप्याकडे गेलो, कारण एवढं चमचमतं कापड दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. त्याने माप घेताना विचारलं, 'भिया, सीजन तो निकल गया, अब किसकी बरात है?' भाऊजी म्हणाले, 'मेरी ही समझो.' त्याने ते खरंच मानलं असावं. जाकीट आलं ते खांद्यावर सोनेरी झुबके, छातीवर जरीच्या दोऱ्या, आणि कॉलरवर कशिद्याने 'मास्टर' लिहून. पुतणी रडायच्या बेतात आली. भाऊजींनी ते चढवलं, आरशात पाहिलं आणि म्हणाले, 'अगं, त्या कॅसेटींतल्या लोकांना असा शिंपी मिळाला असता तर ते इकडेच राहायला आले असते.' मला आजोबांच्या फोटोतला अंगरखा आठवला. तिथून इथपर्यंतचा धागा एकच होता की काय, कुणास ठाऊक.

मंडळाच्या सभागृहात संध्याकाळी अथर्वशीर्षाच्या स्पर्धेनंतर त्यांचा क्रमांक होता. पडद्यामागे भाऊजी एका खुर्चीवर बसले होते. 'वहिनी, मला जमणार नाही,' ते म्हणाले. बोलण्याचं काम मी कधी वेळेवर केलेलं नाही. तेवढ्यात त्यांनीच मान वर केली आणि डोळे मिटून म्हणाले, 'तुमचं काजळ राहिलंय.'

चांदीची डबी माझ्या पर्समध्ये होती. का नेली होती, मी स्वतःलाही सांगितलं नव्हतं. उजवा डोळा नीट झाला. डाव्याच्या वेळी माझा हात थरथरला.

मग ते गायले. पहिल्या कडव्यात आवाज दोनदा फाटला, मुलं हसली, कुणीतरी शिटी मारली. पुतणी गिटार वाजवताना वडिलांकडेच बघत होती, बोटांकडे नाही. दुसऱ्या कडव्यात भाऊजींनी डोळे उघडले, ते काळेभोर डोळे, आणि तो जुना सूर छताला जाऊन लागला. त्यात तरुणपणीची सफाई नव्हती. त्यात सात महिन्यांचा अबोला होता, शिप्रेत वाहून गेलेले केस होते आणि खिडकीतून मोजलेल्या सगळ्या बसगाड्या होत्या. पहिल्या रांगेत माझ्या शेजारी नव्वदीच्या एक आजीबाई कानांवर हात ठेवून बसल्या होत्या. मला म्हणाल्या, 'काय म्हणतोय गं हा?' मी म्हटलं, 'प्रेमाचं गाणं आहे.' 'मग एवढं ओरडून कशाला? ती जवळ नाही का?' मी म्हटलं, 'नाही आजी, बरीच लांब गेली होती. आत्ता येतेय.' गाणं संपल्यावर सर्वांत मोठी टाळी त्यांचीच होती.

मामंजींना काय वाटलं असतं, मला माहीत नाही. त्यांनी मनातून क्षमा केलीच होती असं सांगून मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. पण त्यानंतर भाऊजी खिडकीत बसेनासे झाले. दर शनिवारी घरी पोरांची गर्दी असायची, साखरेच्या पाण्याची कृती सांगितली जायची आणि मुंग्यांची सूचनाही. झगमगाट उथळ असतो असं मला शाळेत शिकवलं होतं, मीही मुलींना तसंच शिकवलं. आता वाटतं, दुःखाने काळवंडलेल्या माणसाला पुन्हा चमकायला केवढं धाडस लागतं. फॅशन जाते आणि वीस-पंचवीस वर्षांनी परत येते, तिला फक्त काळ जावा लागतो. माणसाला परत यायचं तर कुणीतरी दार ठोठावावं लागतं, आणि तेही तो आत असेपर्यंत.

म्हणून आज तुझा फोटो पाहिला आणि तासाच्या आत ट्रंक उघडली; भाऊजी वेगळं घर करून गेले तेव्हा ती माझ्याकडेच राहिली होती. कापराचा वास अजून आहे. 'मास्टर'चं जाकीट घडीत आहे, झुबके जरा झडलेत. चिठ्ठी मी तीच ठेवली आहे. वाट न बघता पलीकडच्या गल्लीत फोन केला आणि भाऊजींना सरळ विचारलं, 'तुमचं जाकीट नातवाला पाठवू का?'

त्यांना एका कानाने कमी ऐकू येतं. दोनदा सांगावं लागलं. मग म्हणाले, 'द्या की. पण आधी त्याला विचारा, गातो, की नुसताच नटतो?'

तर बाळ, विचारते आहे.